करारात राहून गेलेली उंची

वस्तीच्या फाटकापासून काचताईच्या भट्टीपर्यंत रस्त्याचे नऊ तुकडे होते. तीन काँक्रीटचे, दोन डांबरी, एक विटांचा, एक फरशीचा, एक खडीचा आणि एक नुसत्या दाबलेल्या मातीचा. नऊ तुकड्यांमध्ये आठ सांधे आणि प्रत्येक सांध्याला पायरी. सगळ्यांत छोटी दोन सेंटिमीटरची. वकीलकाकांच्या तुकड्यावर चढायची एकोणीसची आणि पलीकडे उतरायचीही एकोणीसची.

याचं मूळ वस्तीच्या जन्मातच होतं. वेगवेगळ्या शहरांतली ही माणसं बिऱ्हाडं हलवून इथं आली ती एका गोष्टीवर ठाम होऊन: कुणी कुणावर हुकूम चालवायचा नाही. नगरपालिका नको, समिती नको, बहुमतही नको. जे व्हायचं ते राजीखुशीनं, करार करून. रस्तासुद्धा सामायिक नव्हता. ज्याची जमीन दोन्ही अंगांना, त्याचा मधला तुकडा. फक्त सगळ्यांना जाऊ-येऊ द्यायचं. करार लिहिला वकीलकाकांनी. त्यात रस्त्याची रुंदी होती, वळणं होती, फांद्या किती वर छाटायच्या तेही होतं. उंची तेवढी राहून गेली. पहिल्याच पावसाळ्यात काकांच्या ओसरीवर पाणी चढलं, त्यांनी आपला तुकडा उचलून घेतला, आणि मग ज्याला जसं सुचलं तसं त्यानं केलं.

काचताई प्रयोगशाळांसाठी काच फुंकायची. चंबू, चंचुपात्रं, वळणावळणाच्या नळ्या. टेम्पोवाला फाटकाच्या आत यायला तयार नव्हता. "ताई, माझी गाडी जिना चढायला शिकलेली नाही," म्हणाला. म्हणून माल हातगाडीवरून न्यायचा. पेंढ्यात कितीही गुंडाळला तरी पहिल्या खेपेला शंभरात अकरा नग फुटले, दुसऱ्या खेपेला नऊ. घेणाऱ्यानं स्पष्ट सांगितलं: पुढच्या खेपेला शंभरात दोनच्या वर गेले, तर ऑर्डर बंद. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ऑर्डर बंद म्हणजे भट्टी बंद आणि भट्टी बंद म्हणजे शहरात भावाच्या कारखान्यात परत.

"तुझी खोली झाडून ठेवलीय," भाऊ फोनवर म्हणाला. "चार माणसांना एक रस्ता सरळ करता येत नाही, आणि निघालेत राज्याशिवाय राहायला!"

"एक नाही रे, नऊ रस्ते आहेत," काचताई म्हणाली. "आणि सरळ होतील. तू खोली भाड्यानं दे."

ती दारोदार फिरली. सहा सांधे मार्गी लागले. बेकरीवाल्याला दुकानासाठी काचेची बरणी हवी होती, तिच्या बदल्यात त्यानं उतार करू दिला. एकानं काहीच मागितलं नाही. म्हणाला, माझाही पाय तिथं दोनदा मुरगळलाय. उरले दोन सांधे, काकांच्या दोन्ही कडांचे. तिथं शेजाऱ्यांच्या बाजूनं उतार करायचा तर तो लांबलचक व्हायचा. एकीकडे दाताच्या डॉक्टरांचं फाटक अडायचं, दुसरीकडे बेकरीचं. काकांचा तुकडाच खाली यायला हवा होता.

"नाही," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण इंचभर हलायचीही तयारी नव्हती. "पोरी, माझी जमीन, माझी उंची. उद्या तुझी भट्टी कुठल्या दिशेला तोंड करून हवी हे मी सांगू का?"

"नका सांगू. मी पण सांगत नाहीये काका, विचारतेय. काय दिलं तर चालेल?"

"काही नाही. रस्ता खाली घेतला की पाणी माझ्या ओसरीवर. त्याला काय किंमत लावू?"

काकांचं म्हणणं बरोबरच होतं, आणि ते जबरदस्तीनं मोडायला काचताई इथं राहायला आली नव्हती. ती उठणार तोच काकू बागेतून आल्या. हाताला माती, काखेत रोपांचा ट्रे.

"ओसरी घराच्या बाजूला," काकू म्हणाल्या. "माझी रोपवाटिका रस्त्याच्या पलीकडे. बरोबर ना, अहो?"

"मग?"

"आलो तेव्हा जमिनीची वाटणी तुम्हीच केलीत. लग्न झालं म्हणून मालमत्ता एक होत नाही, म्हणालात. घर तुमचं, रोपवाटिका माझी. मग मधल्या रस्त्याचं काय?"

काकांनी रस्त्याकडे पाहिलं.

"अर्धा तुमचा, अर्धा माझा," काकूच म्हणाल्या. "माझा अर्धा मी खाली घेतेय. पाणी तुमच्याकडून माझ्याकडे उतरेल आणि माझ्या वाफ्यांत जाईल. मला तर हवंच आहे ते. हातगाडी किती रुंद गं?"

"सव्वा मीटर."

"माझ्याकडे दोन आहे. ये उद्यापासून."

"मला विचारायचं तरी," काका पुटपुटले.

"तुमच्या अर्ध्याबद्दल काही असतं तर विचारलं असतं."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एकदम हसू फुटलं त्यांना. "माझंच शस्त्र माझ्यावर! बरं, मधे भिंत घालावी लागेल, नाहीतर माझी बाजू ढासळेल. ती माझ्याकडून. आणि करारात उंचीचं कलम मी आज लिहितो. ज्याला सही करायची तो करेल."

काकूंची बाजू काचताईनं आणि बेकरीवाल्यानं मिळून खणली. दोन्ही टोकांना खडी दाबून लांब उतार केले. काका ओसरीत बसून भिंतीच्या विटांवरून गवंड्याशी हुज्जत घालत होते आणि सगळ्यांना चहा पाजत होते. पहिल्याच सरीत पाणी काकूंच्या वाफ्यांत गेलं. ओसरी कोरडी राहिली.

तिसऱ्या खेपेला काचताई हातगाडीमागून स्वतः चालली आणि फाटकापासून टेम्पोत माल घेऊन थेट घेणाऱ्याच्या गोदामापर्यंत गेली. तिथल्या माणसानं एकेक खोकं तिच्यासमोर उघडलं, प्रत्येक नग उजेडात धरून फिरवला आणि टेबलावर दोन रांगा लावल्या.

दोनशे चाळीस नग. शाबूत दोनशे एकोणचाळीस, तडकलेला एक.