कुलूप लावलेली घरं

"वनमालाताई, तुमच्या टेकडीने तर कमाल केली!" पाहणीच्या प्रमुख दीप्ती मॅडम आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या मुंबईच्या नकाशाकडे बोट दाखवत म्हणाल्या. बायकांच्या अंगात रक्त कमी तो भाग लाल, बरं असेल तो हिरवा. भांडुपची टेकडी पहिल्यांदाच हिरवी झाली होती. "आता आपली बुधवारची रक्तवाढीच्या गोळ्यांची गाडी लाल भागाला देऊन टाकू. त्यांना जास्त गरज आहे ना."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वनमालाचे हात मात्र मांडीवरच राहिले.

टेकडी हिरवी कशी झाली, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? घरोघरी जाऊन बायकांच्या बोटाला सुई टोचायची आणि रक्त तपासायचं, हे तिचं काम. घराला कुलूप असलं तर संध्याकाळी नाहीतर रविवारी परत जायचं, असा नियम. पण वरच्या चाळी चढताना तिचे गुडघे बोलायला लागत. मग वनमालाबाईंनी सोपी वाट काढली. कुलूप दिसलं की शेजारचं उघडं घर. आपण खोटं तर काही लिहीत नाही, अशी स्वतःची समजूतही घातली. पण भर दुपारी घरी असते कोण? जिचं नवऱ्याच्या पगारात भागतं ती. पहाटे कपभर चहावर निघून मुलुंडला धुणीभांडी करणारीच्या दाराला कुलूपच असणार. नेमकं तिचंच रक्त तपासायचं राहिलं होतं.

"मॅडम, परत एकदा तपासूया का?" तिने चाचरत विचारलं.

"कशाला? चांगलं आलंय की! आता पुढची पाहणी तीन वर्षांनी."

खरं सांगायला उघडलेलं तोंड वनमालाने चहाचा घोट घेऊन मिटलं. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून जास्त लाज होती.

पुढे महिनाभर बुधवारची गाडी टेकडीवर आली नाही. शेवटी एका दुपारी ती टेकडी चढून शकुकडे गेली. शकु तिच्याच गावची, सावंतवाडीकडची, लहानपणापासूनची मैत्रीण. ती दारातच भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे पडले होते.

"वनू, ती गाडी का येत नाय गं? त्या गोळ्यांनी जरा उभं तरी राहवत होतं."

"माझ्यामुळे." वनमाला तिथेच पायरीवर बसली. "तुझ्या दाराला कुलूप होतं. मी परत आलेच नाही. घरी असणाऱ्या बायकांचं रक्त तपासलं आणि तुम्हा सगळ्यांची वाट लावली."

शकुने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती भिंतीला धरून उठली, आतून तांब्याभर पाणी घेऊन आली आणि तेवढ्यानेच धापा टाकत परत खाली बसली.

"पी. चढून दमली असशील." दम खाऊन ती म्हणाली, "भांडी घासताना चक्कर येऊन पडले ना, तेव्हापासून कामं सुटली माझी. पुढच्या वेळी कधीही ये. दुपारची मी आता घरीच असते."