राणीच्या मानेवरची फुली

मित्रांनो, मी रुपया आहे. तुमच्या खिशात खुळखुळतो तो हलकाफुलका नव्हे हं! मी राणीछाप, चांदीचा. एका अंगाला राणीचा मुखडा, दुसऱ्या अंगाला साल. म्हातारा झालो म्हणून रडायला मी तुमच्यासमोर बसलेलो नाही. झिजणं आमच्या नशिबीच असतं, त्याचं मला काही वाटत नाही. माझं दुखणं निराळं आहे. मी इथे धडधडीत पडलो आहे आणि तरी तो रुपया मीच, हे मला कुणालाही पटवता येत नाही.

माझा जन्म मुंबईच्या टांकसाळीत झाला. तापलेली चांदी, मग थंडगार साचा, मग असा दणका की आजही आठवला तरी अंग शहारतं. तिथून मी पेढीवाल्याच्या थैलीत गेलो, कोळणीच्या कनवटीला राहिलो, लग्नांच्या आहेरात मिरवलो. शेवटी देवगडाच्या बाजूच्या एका म्हातारीकडे आलो. तिचा मुलगा धोंडू मुंबईला निघाला तेव्हा तिने मला त्याच्या हातावर ठेवलं आणि 'अडीनडीला मोड' म्हणून सांगितलं. धोंडूने अडीनडी पुष्कळ पाहिली, पण मला मोडलं नाही.

धोंडू कुर्ल्याच्या एका गिरणीत फिटर होता आणि घाटकोपरच्या चाळीत राहत होता. बायको रुक्मिणी आणि एकुलती एक मुलगी मालन, एवढाच संसार. एके वर्षी मालनला मुदतीचा ताप आला. पोर डोळे उघडीना. डॉक्टरनेही मान खाली घातली. तेव्हा धोंडूने मला ट्रंकेतून काढलं, पोरीच्या कपाळाला लावलं आणि गावच्या देवीला हात जोडून म्हणाला, "आई, माझ्या चेडवाक उठव. होच रुपयो तुझ्या पायांर हाडून घालतलंय."

एवढं बोलून तो थांबला नाही. गरिबाच्या घरात रुपया टिकणं कठीण, हे त्याला ठाऊक होतं. त्याने हत्यारांच्या पिशवीतून छिन्नी काढली आणि राणीच्या मानेवर एक फुली मारली. हात थरथरत होता, त्यामुळे फुलीची एक तंगडी लांब गेली. "आता ह्येका कोण खर्चाक काढूचो नाय," असं तो रुक्मिणीला म्हणाला. मला लागलं, नाही असं नाही. पण मित्रांनो, खरं सांगतो, इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा काहीतरी काम मिळालं होतं. मी नवसाचा रुपया झालो होतो.

मालन उठली. खरंच उठली, आणि चाळीच्या गॅलरीत लंगडी घालू लागली. रुक्मिणीने मला हळदीच्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवलं. निरांजनाच्या काजळीने मी काळा झालो, खाचाखाचांत कुंकू भरलं. रोज संध्याकाळी दिवा लावला की ती फडक्यावरूनच अंगठा फिरवायची. फुली लागली की तिचा जीव भांड्यात पडायचा.

गावी जाणं मात्र लांबत गेलं. कधी रजा नाही, कधी बोटीच्या भाड्याची सोय नाही. आणि एका पावसाळ्यात धोंडू काविळीने गेला. नवस बोलणारा गेला, नवस तसाच राहिला. रुक्मिणीने मग ठरवलं, की दिवाळी झाल्यावर मुलीला घेऊन कायमचं गावी जायचं, दिराच्या आसऱ्याला राहायचं आणि जत्रेला धन्याचा नवस धन्याच्याच रुपयाने फेडायचा.

इथेच शरच्चंद्र माझ्या आयुष्यात आला. माणूस वाईट नव्हता हो, हेच तर मोठं दुखणं आहे. चाळीसमोरच्या दुमजली घरात राहायचा, फोर्टात कचेरीत जायचा. धोंडू आजारी असताना भर पावसात डॉक्टरला घेऊन आला तो हाच. त्याला नाण्यांचा नाद होता. त्यात ते सत्तावन्न साल. नवे पैसे आले आणि जुन्या आणे-पैशांचं लोकांना एकदम प्रेम फुटलं. घाटकोपरच्या वाचनालयाने दिवाळीत नाण्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. शरच्चंद्राने मखमलीची फळी केली, राणीछाप रुपये सालवार मांडले. एका सालाची जागा तेवढी रिकामी राहिली. ते साल माझ्या पाठीवर होतं.

रुक्मिणीकडे असा रुपया आहे हे कळल्यावर तो धावतच आला. "वहिनी, दिवाळीपुरता द्या. काचेत ठेवतो, कुणी हात लावणार नाही."

रुक्मिणीने खूप वेळ विचार केला. उपकार डोळ्यांसमोर होते. शेवटी तिने फडकं सोडलं. "भाऊनू, नवसाचो आसा. जसो दितंय तसोच परत हाडून देवा."

"अहो, हे काय सांगायला हवं?" असं म्हणून त्याने मला भिंगाखाली धरलं. साल पाहिलं, काठ पाहिला, वजन पाहिलं. फुली दिसली तेव्हा तोंडाने 'चक्' केलं. ही कुणी मारली, का मारली, एवढं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? नाही विचारलं. रुक्मिणीला वाटलं, शिकलेल्या माणसाला नवसाचा म्हटलं की सगळं कळत असेल.

घरी त्याची बायको मृणालिनी दिवाळीची भांडी घासत होती. चिंचेचं भांडं पुढ्यात होतं. शरच्चंद्राने त्यातली चिंच उचलली.

"अहो, दुसऱ्याची वस्तू आहे. आहे तशी राहू दे ना," ती म्हणाली.

"काळाकुट्ट आहे गं. बाकीच्यांच्या पंगतीत शोभायला नको?"

आधी चिंच, मग रांगोळी, मग दंतमंजन! काजळी गेली, कुंकू गेलं, राणीच्या केसांच्या बारीक रेघासुद्धा गेल्या. मी जीव तोडून ओरडत होतो, पण रुपयाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? तो आपला गाणं गुणगुणत घासत होता. एवढ्यावर भागलं असतं तरी मी नशीब म्हटलं असतं. पण अंग उजळलं तशी फुली जास्तच उठून दिसू लागली. दुसऱ्या दिवशी त्याने मला बाजारातल्या सोनाराकडे नेलं. सोनाराने चांदीचा कण वितळवून फुलीत भरला, घासून सपाट केला, वर पॉलिश मारलं. धोंडूच्या हातची खूण गेली. शरच्चंद्र खुशीत म्हणाला, "झकास! आता कसा नव्यासारखा वाटतो."

प्रदर्शनात त्याचा दोस्त मार्तंड आला. तोही नाणीवालाच. काचेपाशी वाकला आणि कपाळाला हात लावला.

"शरद, घासलास हा?"

"मग? कसा चमकतोय बघ."

"वाट लावलीस यार! तो काळेपणा जमायला जन्म जातो रे. आणि हे मानेवर काय, भरलंयस? आता याला कोण विचारणार? तुझाच आहे ना निदान?"

शरच्चंद्राचा चेहरा उतरला. "नाही. समोरच्या रुक्मिणीवहिनींचा."

"मग बस आता बोंबलत," असं म्हणून मार्तंड पुढच्या काचेकडे गेला.

दिवाळी सरली. शरच्चंद्र मला घेऊन चाळीत गेला आणि त्याने मला रुक्मिणीच्या तळहातावर ठेवलं. मित्रांनो, काय आनंद झाला होता मला! तो हात मी फडक्यातून किती वेळा ओळखला होता. वाटलं, सुटलो. तिने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मला उलटं केलं, सुलटं केलं, दारात उजेडाला नेलं.

"भाऊनू, हो माझो न्हय."

"वहिनी, तुमचाच आहे. जरा साफ केला, एवढंच."

"फुली खंय आसा? तेंनी मारलेली फुली?"

तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं, की ती फुली कुणाची होती. त्याने सगळं सांगितलं, चिंच सांगितली, सोनार सांगितला. तिला ते पटेना. चांदीत छिन्नीने कोरलेली खूण भरून येते, हे तिच्या ऐकिवात नव्हतं. वर शेजारणींनी प्रदर्शनात जुन्या नाण्यांची गिऱ्हाइकं फिरत होती असं आधीच कानावर घातलं होतं. तिने मला परत त्याच्या हातात दिलं. "माका माझोच होयो," एवढंच म्हणाली. मी तिच्या हातात होतो, मित्रांनो, आणि ती माझ्यासाठी डोळ्यांतून पाणी काढत होती!

शरच्चंद्राची झोप उडाली. सोनाराकडे गेला, तर सोनार म्हणाला की भरलेलं आता उकरलं तर जुनी फुली निघायची नाही, खड्डा तेवढा पडेल. रुक्मिणीची बोट तर तोंडावर आली होती. माणूस घाबरला की त्याची अक्कल गहाण पडते. त्याने मला पाट्यावर ठेवलं, स्क्रू पिळायचं हत्यार घेतलं आणि हातोडी उचलली.

मृणालिनी धावत आली. "अहो, हे काय चाललंय?"

"फुली मारतोय. परत होती तशी करून देतो."

"दुरुस्तीच तर नडली ना तुम्हाला! ठेवा ती हातोडी. तिच्या पायावर डोकं ठेवा हवं तर, पण हे नको."

त्याने ऐकलं नाही. दोन घाव बसले. त्याच्या हाताने नीट, सरळ, दोन्ही तंगड्या सारख्या अशी फुली उमटली. धोंडूचा हात पोरीसाठी थरथरला होता. ती थरथर हा कुठून आणणार?

तो मला घेऊन गेला तेव्हा रुक्मिणी ट्रंक भरत होती. "वहिनी, ही बघा फुली," तो म्हणाला. त्याचा आवाज मलाच खोटा वाटला. तिने अंगठा ठेवला मात्र, आणि तिचा चेहरा असा झाला की मला राणीच्या डोळ्यांनी तो पाहवेना. आधी तिला शंका होती. आता खात्री झाली. माझा रुपया यांनी विकला आणि त्याच्या जागी खोटा करून आणला!

मालन ट्रंकेला टेकून सगळं ऐकत होती. तिने आईचा पदर ओढला. "आये, मगे माका परत ताप येतलो?"

रुक्मिणीने तिला पोटाशी धरलं. मला वाटलं, आता ही शिव्या देईल, चाळ गोळा करील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण तिने शरच्चंद्रापुढे हात जोडले.

"भाऊनू, इकलात असात तर इकलात. मी कोणाक एक शब्द सांगूचंय नाय. तुमी आमच्या घराक लय केलात. फक्त कोणाक दिलात ता सांगा. मी तेंच्या पायां पडतंय, माझो रुपयो मागून घेतंय. माझ्या चेडवाचो जीव बांधलेलो आसा त्येच्यात."

आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. शरच्चंद्राच्या घामेजल्या मुठीत.

"वहिनी, देवाशपथ, हाच हो तो! हाच!" तो लहान मुलासारखा रडायला लागला. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याची उघडी मूठ आपल्या हाताने मिटली, मला आत ठेवून. "ऱ्हवांदे. तुमचो तुमका ऱ्हवांदे," म्हणाली, आणि ट्रंकेचं कुलूप लावायला वळली. त्या दुपारी मायलेकी भाऊच्या धक्क्यावर गेल्या. देवीसाठी तिने काय नेलं, कुणास ठाऊक.

त्या दिवसापासून शरच्चंद्र नाण्यांना शिवला नाही. मखमलीची फळी मार्तंड घेऊन गेला, पण मला न्यायला तो तयार होईना. घासलेला, भरलेला, टोचलेला रुपया नाणीवाल्यांच्या काय कामाचा? देवीलाही मी पोचलो नाही. शरच्चंद्राने गावी माणूस धाडला, पण रुक्मिणीने त्याचं ऐकलं नाही; मनीऑर्डरही धाडली. ती न घेताच परत आली.

मित्रांनो, तुम्हालाही उद्या जुनं नाणं सापडेल, जुनी समई सापडेल, आजोबांचा अडकित्ता सापडेल. हात शिवशिवतील. उजळावंसं वाटेल, पोचा काढावासा वाटेल. थांबा रे बाळांनो! ज्याची वस्तू आहे त्याच्याकडे आधी जा, ही खूण कसली म्हणून विचारा आणि मग काय ते ठरवा. साल मी पाठीवर घेऊन हिंडतो, ते कुणीही वाचेल. बाकीचं माझ्या माणसांनाच ठाऊक असतं.

आणि एक पदर पसरून मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी सुट्टीत देवगडच्या बाजूला गेलात, आणि तिथे नवरा गेलेली, एका मुलीची आई, रुक्मिणी नावाची बाई भेटली, तर तिला एवढं सांगाल का? सांगा, शरच्चंद्र खोटं बोलला नाही. सांगा, तो रुपया मीच आहे, धोंडूचा. आणि तिला म्हणावं, मालनला ताप येणार नाही, मी घाटकोपरला शरच्चंद्राच्या घरीच वाट पाहतो आहे, मला घेऊन जा.