ब्याड

आमची रचना अडीच वर्षांची झाली तरी तोंडातून एक शब्द काढेना. कान तपासले, कान ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "तिच्याशी भरपूर बोला." फुकटचं औषध कोणाला पटतं? माझ्या मनात मात्र धडकी भरली होती. ही मला कधी आई म्हणणारच नाही की काय?

तेवढ्यात माझ्या नवऱ्याला, प्रशिकला, त्याच्या मावसबहिणीचा पुण्याहून फोन आला. "घरात मराठी, शेजारी कन्नड, टीव्हीवर हिंदी! पोरगी गोंधळलीय. एकच भाषा ठेवा. इंग्रजी." झालं! उद्यमबागेतल्या कारखान्यात साहेबांपुढे इंग्रजी बोलताना चाचरणाऱ्या आमच्या माणसानं त्याच संध्याकाळी घरात मराठीबंदी लावली.

मी वकील. बेळगावच्या कोर्टात दिवसभर कन्नडमध्ये भांडते आणि घरी येऊन मराठीत. इंग्रजीत नवऱ्याशी भांडताच येईना, त्यामुळे घरात भलतीच शांतता पसरली. सासूबाईंचे, म्हणजे बायडाबाईंचे, तर हालच. सकाळी 'गुड मॉर्निंग' आणि मग दिवसभर 'टाटा', एवढंच त्यांचं इंग्रजी. दूध उतू गेलं तरी टाटा. दुपार झाली की नातीला काखेत मारून त्या शेजारच्या नीलमक्कांकडे पळायच्या आणि कन्नडमध्ये मन मोकळं करून यायच्या.

रविवारी मी दुधाचा पेला पुढे केला. रचनानं मान फिरवली.

"ब्याड!"

प्रशिक उडालाच. "ऐकलंस? बॅड! मिल्क इज बॅड!" त्यानं दूध हुंगलं, चाखलं, चांगलं होतं तरी मोरीत ओतलं. मी टोपरं घालायला गेले.

"ब्याड!"

टोपरंही बॅड, उपमाही बॅड. पुण्याला फोन गेला. पेढे आणायला निघताना त्यानं लेकीला घ्यायला हात पसरले.

"ब्याड!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "पप्पा बॅड?"

मला असं हसू फुटलं की मी खालीच बसले. "अवो, बॅड न्हाय, ब्याड! नीलमक्का म्हणत्यात तसं. नको!" कोर्टात उठता बसता ऐकते मी हा शब्द, आणि घरात इंग्रजीकडे कान लावून बसले होते!

"म्हंजे कन्नड?"

"व्हय. आणि अगदी जिथल्या तिथं!"

मराठीबंदी गेली खड्ड्यात. मी लेकीसमोर मांडी ठोकून बसले. "दूध ब्याड, टोपरं ब्याड, पप्पा ब्याड. मग काय पायजे गं माझ्या बाळीला?"

ती उठली. कोपऱ्यात गप्प बसलेल्या सासूबाईंपाशी गेली आणि त्यांच्या मिटलेल्या ओठांवर बोट टेकवलं.

"आज्जी, बोल."

सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी आधी लेकाकडे पाहिलं, हात हलवला, म्हणाल्या, "टाटा!" आणि नातीला मांडीवर ओढून त्या जे बोलायला लागल्या, ते अजून थांबलेल्या नाहीत.