सगळे विभाग एकाच खुर्चीवर

मित्रांनो, आधी नाक धरा आणि मगच जवळ या. मी एक जुना कीबोर्ड आहे. एकेकाळी मी पांढराशुभ्र होतो, हे आज शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटणार नाही. माझ्या बटणांच्या फटींत बिस्किटांचा चुरा आहे, केस आहेत, वाळलेला चहा आहे आणि दातांनी तोडलेली नखंही आहेत. मला स्वतःचीच किळस येते, पण उठून अंघोळ करून यायला मला काही पाय नाहीत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर डोक्याला टोपी आणि हातांत पातळ मोजे घातलेली एक बाई बसत असे. ती प्रत्येक बटण एकदा दाबून बघे, मान डोलावे आणि आम्हाला खोक्यात निजवी. तितक्या स्वच्छ हातांचा स्पर्श मला पुन्हा व्हायला फार वर्षं लागली.

तिथून मी एका कचेरीत आलो. ज्यांच्या हाताखाली पडलो, त्यांना मी महाशय म्हणतो. माणूस हुशार. त्यांची बोटं चालू लागली की शेजारचे म्हणत, "अरे, जरा हळू, इकडे माझा कप नाचतोय." तेव्हा मला अभिमान वाटे. पण बाकी सगळा आनंदच होता. शिंक आली की रुमाल खिशात आणि शिंक माझ्या अंगावर. बिस्किट खायचं ते माझ्याच डोक्यावर. नखं कुरतडायची ती विचार करताना, आणि विचार तर दिवसभर चालू!

महाशयांना मात्र दुसऱ्याच गोष्टीची किळस होती. त्यांचे साहेब चुका करत आणि मग महाशयांकडून ग्राहकाला पत्र लिहून घेत, 'आमच्या संबंधित विभागाकडून अनवधानाने असे घडले.' विभाग कसला आणि अनवधान कसलं! साहेबांनी स्वतः केलेला घोळ असे तो. ते पत्र लिहिताना महाशय माझ्यावर बोटं अशी आपटत, की जणू मीच साहेब.

"शी! ओकारी येते मला इथे," ते एकदा शेजाऱ्याला म्हणाले. "चूक एकाची आणि पत्र पन्नास जणांच्या आडून. मी स्वतःचा धंदा काढणार आहे. एकट्याचा. केलं तर मी केलं, चुकलं तर मी चुकलो."

"आणि पगार?"

"पगारासाठी किती दिवस घाण खायची?"

राजीनामा माझ्यावरच लिहिला गेला. चार ओळींचा, साधा, सरळ. त्या दिवशी मला माझ्या अंगावरच्या चुऱ्याचीही लाज वाटली नाही. नव्या संगणकांबरोबर नवे कीबोर्ड आले होते आणि मी भंगाराच्या खोक्यात जाणार होतो. पण महाशयांच्या बोटांना माझी सवय होती. भांडार सांभाळणारे काका म्हणाले, "न्या हो घरी. याला हात लावायला भंगारवालाही तयार होणार नाही."

घरी माझी जागा जेवणाच्या टेबलावर, खिडकीच्या बाजूला होती. अर्ध्या टेबलावर धंदा, अर्ध्यावर जेवण. महाशयांची बायको रुग्णालयात परिचारिका आहे. तिने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन पावलं मागे सरकली.

"अहो, हा आमच्या ऑपरेशनच्या खोलीत नेला ना, तर पेशंटला भूल द्यायची गरज पडणार नाही!"

पण तिनेच हातमोजे घातले, कापूस स्पिरिटमध्ये भिजवला आणि माझं एकेक बटण पुसलं. कारखान्यातल्या त्या बाईनंतर पहिल्यांदाच मला कुणी तरी माणसासारखं वागवलं. मग दर सुटीच्या दिवशी ती मला पुसू लागली. आठवडाभरात महाशय मला पुन्हा होतो तसा करत, ती गोष्ट वेगळी.

धंदा सुरू झाला. महाशयांनी जनावरांच्या दवाखान्यांसाठी एक सॉफ्टवेअर बनवलं. कोणत्या कुत्र्याला, कोणत्या मांजराला लस कधी द्यायची, याची यादी ते ठेवी आणि दिवस जवळ आला की मालकाला आपोआप निरोप पाठवी. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक डॉक्टरबाई. गावात त्यांचा शब्द चाले. त्यांनी सांगितलं म्हणून आणखी पाच दवाखाने आले. त्या रुसल्या असत्या तर सगळा डोलारा कोसळला असता, आणि हे महाशय पुरते जाणून होते.

म्हणूनच त्यांना भीती वाटू लागली. आपण एकटे आहोत हे कळलं तर कोण विश्वास ठेवील? मग एके दिवशी पत्राखाली त्यांनी सही केली, 'ग्राहक सेवा विभाग'. मला वाटलं, गंमत असेल. पुढच्या आठवड्यात 'तांत्रिक विभाग' जन्माला आला. मग 'संदेश विभाग'. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! जेवणाच्या टेबलावर पायजमा घालून बसलेला एक माणूस, आणि पत्रं मात्र सहा मजली इमारतीतून आल्यासारखी. बायको कामावर असे, त्यामुळे तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते मला. त्या सह्या टाइप होताना मला जी किळस आली, ती नखांचीही कधी आली नव्हती.

एकदा डॉक्टरबाईंनी कळवलं, की दवाखाना दोन दिवस बंद होता, त्यांची स्वतःची चौदा वर्षांची म्हातारी कुत्री गेली. महाशयांनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं. मग त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. 'चौदा वर्षांची सोबत विसरायला सांगणारे आता पुष्कळ भेटतील. आम्ही सांगणार नाही.' लिहिताना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या मधल्या लांब बटणावर पडलं. लहानपणी त्यांचाही एक कुत्रा होता, असं ते बायकोला सांगताना मी ऐकलं आहे. पण खाली सही पडली ती 'संदेश विभाग' अशीच.

पुढच्याच महिन्यात महाशयांनी सॉफ्टवेअरमध्ये बदल केला. बायको कामावर निघताना म्हणाली, "नीट तपासून मगच पाठवा हं." त्यांनी तपासलंही. यादीत तीन खोटी जनावरं घातली आणि तिन्ही जिवंत घातली. मेलेलं एकही घातलं नाही. त्यामुळे मेलेल्या जनावराच्या नावापुढची 'हयात नाही' ही खूण सॉफ्टवेअर आता वाचतच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी सकाळी बेचाळीस मालकांना आपापल्या मेलेल्या जनावराच्या नावाने निरोप गेला, 'माझी लस घ्यायची वेळ झाली. मला घेऊन येणार ना?' त्यातला एक निरोप खुद्द डॉक्टरबाईंना गेला.

त्यांचं संतापाचं पत्र आलं. एक आजोबा निरोप हातात धरून त्यांच्या पायरीवर रडत बसले होते.

महाशयांनी मला पुढ्यात ओढलं. मित्रांनो, मी वाट पाहत होतो. 'चुकलं तर मी चुकलो' हे वाक्य माझ्यावर यायला फार बटणं लागत नाहीत. पण टाइप झालं ते असं, 'ही चूक आमच्या संदेश विभागातील बाईंची आहे. त्यांना आजच कामावरून कमी करण्यात आले आहे.'

शी! शी! शी! साहेब परवडले. ते निदान जिवंत माणसांच्या आड लपत.

तासाभरात उत्तर आलं. राग पार उतरला होता. 'कृपा करून त्यांना काढू नका. माझी कुत्री गेली तेव्हा त्यांनीच मला दोन ओळी लिहिल्या होत्या ना? इतकं चांगलं माझ्या सख्ख्या बहिणीलाही लिहिता आलं नाही. तुम्ही ठेवणार नसाल तर त्यांचा पत्ता द्या, मी माझ्याकडे कामाला ठेवते.'

महाशयांनी उत्तर दिलंच नाही. चार दिवस ते नखं खात राहिले. पाचव्या दिवशी दाराची घंटा वाजली. महाशयांच्या पत्रांवर पत्ता घराचाच असे. बायको नुकतीच कामावरून आली होती, तिने दार उघडलं.

"तुम्हीच का हो संदेश विभागातल्या?" डॉक्टरबाईंनी एकदम तिचे हात धरले. "माझ्या एका पत्रामुळे तुमची नोकरी गेली. चार दिवस मला घास गोड लागलेला नाही."

बायकोने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग वळून महाशयांकडे. महाशयांची मान खाली गेली होती. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, समोर मी. तिला सगळं कळायला दोन क्षण पुरले.

"आत या," ती म्हणाली. "सगळे विभाग इथे एकाच खुर्चीवर बसलेत. कुणाशी बोलायचंय ते तुम्हीच ठरवा."

डॉक्टरबाई आत आल्या. त्यांनी टेबल पाहिलं, खुर्ची पाहिली, मला पाहिलं. महाशय कसंबसं म्हणाले, "बाई... ती चूक माझी होती."

"चूक मी माफच केली होती हो," त्या म्हणाल्या, आणि पाणीही न घेता गेल्या.

बायकोने दार लावलं. तिने कापूस आणि स्पिरिटची बाटली आणून महाशयांसमोर ठेवली.

"आज तुम्ही पुसा. मी दिवसभर लोकांची घाण काढून आले आहे. त्या घाणीची मला किळस येत नाही."

महाशयांनी माझं एकेक बटण उपटून पुसलं. स्वतःची नखं त्यांना स्वतःच्या बोटांनी वेचावी लागली. मग सहाही दवाखान्यांना पत्र गेलं. 'इथे कुठलेही विभाग नाहीत. मी एकटाच आहे. चूक माझी होती.' खाली त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. इतक्या दिवसांनी ते नाव लिहिताना त्यांच्याकडून दोनदा चुकलं.

तीन दवाखाने राहिले, दोन गेले. डॉक्टरबाईंचं उत्तर सर्वांत शेवटी आलं. 'माझी यादी परत पाठवा. त्या दोन ओळी मी छापून कुत्रीच्या फोटोखाली लावल्या होत्या. त्या काढल्या.'

मित्रांनो, त्या ओळी खऱ्या होत्या. माझ्या लांब बटणावर पाणी पडलं होतं ते मी पाहिलं आहे. पण माझी साक्ष कोण काढणार? मला पुसत जा, एवढंच मागणं मी मागणार होतो. आता तेही मागत नाही. चुरा पडू द्या, चहा सांडू द्या, तो कापसाने निघतो. फक्त मनापासून काही लिहाल, तेव्हा खाली नाव स्वतःचं घाला.