खिडकीजवळचं मशीन

शिवणकामाच्या कारखान्यात खिडकीजवळचं मशीन ताईंचं. एकवीस वर्षांत त्यांनी त्याला दुसऱ्या कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. त्याच ताई एका सोमवारी मालकीणबाईंना म्हणाल्या, "हे दुसरीला द्या. पायडल मारून मारून माझ्या पायांना खोड लागलीय."

घरी जरा पाठ टेकली, की पोटऱ्यांत मुंग्या चालू लागत. पाय हलवला की थांबत, ठेवला की पुन्हा सुरू. झोपेचं पार खोबरं झालं होतं. नवरा म्हणायचा, "अंथरुणातही शिवतेस की काय!"

मालकीणबाईंनी त्यांना बटणांच्या टेबलावर बसवलं. काम हातांचं, पायांना सुट्टी. पण दुपारपर्यंत ताईंचे पाय असे काही नाचले, की बटणांचा डबा धाडकन खाली.

"ताई, भूकंप सोबत घेऊन आलात का?" शेजारची तुरपाईवाली ओरडली.

ताई हसल्या, पण डोळे भरून आले. हातचं मशीन गेलं, आणि पाय आहेत तसेच.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"मशीन चालवताना त्रास होतो?"

"छे! तेव्हाच तर बरं वाटतं."

"मग तेच का सोडलंत? अहो, हा अस्वस्थ पायांचा आजार स्वस्थ बसल्यावर छळतो. मशीनचा काही दोष नाही. बायकांमध्ये तर पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट दिसतो. अंगातलं लोह कमी असलं तर बळावतो. रक्त तपासू."

लोह कमीच निघालं. गोळ्या सुरू झाल्या.

जेवणाच्या सुट्टीत ताईंनी सगळं सांगितलं. तुरपाईवालीचा घास हातातच राहिला. "म्हणजे मला वेड लागलेलं नाही? मी रोज भिंतीला पाय घासत झोपते हो!"

"मी गार फरशीवर फेऱ्या मारते," काजं करणारी म्हणाली. "नवऱ्याला सांगते, पाणी प्यायला उठले होते."

अकरा जणींत अशा चौघी निघाल्या. इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसल्या, आणि एकीनेही दुसरीला सांगितलं नव्हतं.

मालकीणबाई दारातून म्हणाल्या, "माझ्या आईला आम्ही चुळबुळी म्हणून चिडवायचो. बिचारी."

ताई चाचरत म्हणाल्या, "माझं मशीन... दिलंत का कुणाला?"

"एकवीस वर्षांचा तुमचा धाक! कोण बसणार त्यावर? झाकून ठेवलंय."

ताईंनी आच्छादन काढलं, खुर्ची ओढली आणि पायडलवर दोन्ही पाय ठेवले.

"आता हला काय हलायचं ते," त्या पायांना म्हणाल्या.