मारिवेलच्या गळ्यातला पुठ्ठा

फिलिपिन्सच्या बातानेस बेटांवरच्या आमच्या शाळेत क्रेसेन्सिया बाईंचा एक कडक नियम होता. वर्गात फक्त इंग्रजी! जो कुणी इवतान, म्हणजे आपली घरची भाषा बोलेल, त्याच्या गळ्यात पुठ्ठा. त्यावर लिहिलेलं, ‘मी इवतान बोललो’. दुसरा कुणी चुकला आणि त्याचं नाव सांगितलं, तरच सुटका.

बाई दुष्ट नव्हत्या. मुलांनी मनिलाला जावं, मोठं व्हावं, हीच त्यांची तळमळ. पण मारिवेलच्या गळ्यात पुठ्ठा आला आणि पोरीनं तोंडाला कुलूपच लावलं. चुगली करायची नाही नि बोलायचंही नाही! पुठ्ठा तिच्याकडेच राहिला.

"मॅम, घरीसुद्धा बोलत नाही हो," तिची आई बाईंना म्हणाली. "कोंबडी पळाली तरी हाक मारत नाही."

"इंग्रजी आलं की बोलेल," बाई म्हणाल्या.

अशात ब्रिटनच्या वेल्समधल्या एका शाळेशी संगणकावर गप्पा ठरल्या. बाईंनी मुलांकडून वाक्यं घोटून घेतली. नेमकं गप्पांच्या दुसऱ्याच दिवशी वादळ येणार होतं. गावात जो तो छपरावरून दोर टाकून घर जमिनीशी आवळून बांधत होता आणि वर्गाच्या खिडकीची झडप धाडधाड आपटत होती.

पडद्यावर पांढऱ्या केसांच्या शिक्षिका ग्वेनबाई आणि त्यांच्या वर्गातली मुलं आली. एलेरी नावाच्या मुलीनं विचारलं, "तुमच्याकडे आज हवा कशी आहे?"

वर्गाचा मॉनिटर बेंजी ताठ उभा राहिला. "आज छान ऊन पडलं आहे!"

धाड!

"मग तो आवाज कसला?" एलेरी म्हणाली.

बेंजी बाईंकडे बघू लागला. पाठांतरात वादळ नव्हतंच!

"अरे, घरी बोलता तसं सांगा की!" ग्वेनबाई हसल्या. "माझी ही मुलं तरी घरी कुठं इंग्रजी बोलतात? ती वेल्श बोलतात. आणि त्या मुलीच्या गळ्यात काय आहे?"

"शिस्त आहे ती," बाई चाचरल्या. "इंग्रजी यावं म्हणून."

ग्वेनबाईंचं हसू मावळलं. "माझ्या आजीच्या गळ्यात शाळेत लाकडाचा तुकडा अडकवायचे. वेल्श बोलली म्हणून. ती इंग्रजी शिकली, पण लाजही शिकली. आपल्या लेकीशी आपल्या भाषेत कधी बोलली नाही. मला म्हातारपणी ती भाषा परक्यासारखी शिकावी लागली. बाई, इंग्रजी जरूर शिकवा! पण दुसरं घर बांधायला पहिलं पाडावं लागतं का?"

बाई उठल्या. त्या मारिवेलजवळ गेल्या आणि तिच्या गळ्यातला पुठ्ठा काढला.

"चुकलं माझं, बाळ. तूच सांग. आपल्या भाषेत. मी इंग्रजी करून सांगते."

मारिवेलनं आधी पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बाबा आत्ता छपरावर आहे," ती हळूच म्हणाली. "दोर थोडा सैल राहिला तरी घाबरायचं नाही. पाऊस लागला की आपोआप आवळतो. आणि वारा मध्येच थांबला ना, तरी दार उघडायचं नाही! तो फिरून येतो!"

"आणि आम्ही बकऱ्या स्वयंपाकघरात घेतल्यात!" बेंजी ओरडला, तोही इवतानमध्येच.

"स्वयंपाकघरात?" बाईंचं भाषांतर ऐकून एलेरी खिदळली. "आमच्या मेंढ्या तर रोजच पावसात भिजतात!"

मग काय विचारता! सगळा वर्ग एकदम बोलू लागला. बाई भाषांतर करून दमल्या, पण थांबल्या नाहीत. सर्वांत मोठा आवाज होता मारिवेलचा!

धाड!

"मॅम, त्यांना ऐकू येत नाहीये!" मारिवेल वैतागून म्हणाली.

बाईंनी हातातला पुठ्ठा दुमडला आणि झडपेच्या फटीत घट्ट खोचला.

"हं, बोल आता."

वाचकहो, जगाशी बोलायला जगाची भाषा शिकावीच. पण जगानं विचारलं, ‘तुमच्याकडे कसं आहे?’ तर उत्तर घरातूनच आणावं लागतं. मुलांना घरच्या भाषेची लाज शिकवू नका!

तो पुठ्ठा अजून त्याच खिडकीत आहे. वारा सुटला की उपयोगी पडतो.