कापरा हात

"ही तीस भिंतीवर लावू. आणि ही..." गॅलरीवाले हेर रोथ, म्हणजे रोथसाहेब, यांनी यंदाची नऊ चित्रं टेबलाच्या कडेला सारली, "ही तुमच्या घरीच बरी."

विनिफ्रेडबाईंनी उजवा हात मांडीवर दाबून धरला. गेल्या हिवाळ्यातल्या आजारपणापासून तो थरथरायचा. इंग्लंडमधून जर्मनीत हायडेलबर्गला येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली होती. रोज सकाळी नदीकाठी बसून जलरंगात चित्र काढायचं, मगच न्याहारी, हा तेव्हापासूनचा नेम. आता वय एक्क्याऐंशी. रविवारी उघडणारं हे प्रदर्शन बहुधा शेवटचं.

"का बरं?"

"पुलाची कमान बघा ना, कशी वाकडी गेलीय. लोक कीव करतील."

"करू देत."

"बरं, निदान थोड्या पांढऱ्या रंगानं झाकू या..."

बाई हसल्या. "माझ्या पेटीत पांढरा कधीच नव्हता, हेर रोथ. पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. एकदा रंग पडला की पडला. लावायची तर एकोणचाळीस लावा, नाहीतर एकही नाही."

"अहो, आमंत्रणं गेलीत!"

"मग दारावर चिठ्ठी लावा. बाई जुन्या पुलापाशी बसल्या आहेत म्हणावं."

गठ्ठा उचलायला वरच्या मजल्यावरची मालिनी सोबत आली होती. तिचा नवरा इथल्या विद्यापीठात संशोधन करायचा. एकोणचाळीसही चित्रं परत नेताना बसमध्ये ती हळूच म्हणाली, "विनीआजी, रागावू नका हं. पण जुनी चित्रं किती सुबक आहेत! लोकांच्या लक्षात तीच राहू देत की."

"तू रोज देवापुढे स्तोत्र म्हणतेस. मागे घसा बसला, तेव्हा थांबलीस?"

"छे! पुटपुटले."

"मग?"

मालिनीनं मांडीवरचा गठ्ठा सावरला. "रविवारी येऊ का? स्टूल उचलायला?"

"ये. पण हात धरायचा नाही."

पूर्वी तासाभरात होणारं चित्र आता दुपारपर्यंत चालायचं. रविवारी अकरा वाजता गॅलरी बंद बघून, चिठ्ठी वाचून माणसं एकेक करत नदीवर उतरू लागली, तेव्हा कमान अर्धीच झाली होती. हेर रोथही सगळ्यांच्या मागे येऊन उभे राहिले.

"हात बघ कसा कापतोय," कुणीतरी कुजबुजलं.

"कापतोय ना?" बाई मान न वळवता म्हणाल्या. "पाण्यात बघा, पूलही कापतोय. चाळीस वर्षं मी उगाच त्याला सरळ काढत आले."

पुढची दोन माणसं वाकून खरंच पाण्यात बघू लागली.

एवढ्यात कुंचला निसटला. निळा थेंब कोऱ्या आभाळात पडला. मालिनीचा हात आपसूक पर्समधल्या रुमालाकडे गेला आणि तिथेच थांबला. बाईंनी थेंब तसाच वाळू दिला. मग कमान पुरी केली आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात सही घातली. नेहमीपेक्षा मोठी, सावकाश, अक्षर न् अक्षर थरथरतं.